शुक्राणूंचे उशिरा येणारे सामर्थ्य

डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने १६७७ साली आपल्या भिंगाखाली शुक्राणूंची वळवळ पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीस तिची खबर दिली, आणि १९५१ सालापर्यंत बहुतेक विद्वानांची अशीच समजूत होती की, हा सपुच्छ सूक्ष्म जीवकण पुरुषदेहातून बाहेर पडतो तो सर्वसामर्थ्यसंपन्न होऊनच, आणि स्त्रीबीजाशी गाठ पडताच फलन घडविण्यास सिद्ध असतो. ही समजूत खोडून काढण्याचे श्रेय १९५१ साली परस्परांच्या कामाची कल्पना नसताना एकाच निष्कर्षास पोहोचलेल्या दोघा संशोधकांकडे जाते : ऑस्ट्रेलियात उंदरांवर प्रयोग करणारे कॉलिन ऑस्टिन आणि अमेरिकेत सशांवर प्रयोग करणारे मिन चुए चांग.

चांग यांचा जन्म चीनच्या शान्शी प्रांतात १९०८ साली झाला. परदेशी शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय स्पर्धापरीक्षेत यश मिळवून १९३८ साली ते एडिंबरोस गेले, तेथून केंब्रिजला आर्थर वॉल्टन यांच्या हाताखाली मेंढ्याच्या शुक्राणूंचा अभ्यास करू लागले, आणि १९४५ साली ग्रेगरी पिंकस यांच्या वूस्टर फाउंडेशन या मॅसॅच्युसेट्समधील नवजात संस्थेत दाखल झाले. संस्थेची तिजोरी इतकी रिकामी होती की केंब्रिजच्या या पदवीधर डॉक्टरास आरंभीच्या काळात रात्रीच्या पहारेकऱ्याचेही काम पाहावे लागे. ज्ञानाच्या इतिहासात अशा दारिद्र्याचा तपशील क्षुल्लक म्हणून वगळला जातो. मला तो तसा वाटत नाही.

सशाची मादी प्रयोगकर्त्यास एक मोठी सोय करून देते. तिचे बीज आपोआप सुटत नाही. समागमानंतर सुमारे दहा तासांनी ते अंडाशयातून बाहेर पडते, म्हणून घटनेचा मुहूर्त आधीच ठाऊक असतो. या मुहूर्ताच्या पुष्कळ तास आधी चांग यांनी बीजनलिकेत शुक्राणू सोडले तेव्हा फलन झाले. मात्र तेच निरोगी, चपळ शुक्राणू बीज सुटण्याच्या सुमारास अगदी त्याच्या दाराशी नेऊन ठेवले असता बहुतेक वेळा काहीच घडले नाही. बीजाची मुदत थोड्या तासांची असते, आणि नलिकेत उतरताच त्याभोवती श्लेष्मल आवरण चढू लागते. शुक्राणू सिद्ध होईपर्यंत ही मुदत टळून गेलेली असे. सशाच्या शुक्राणूस स्त्रीदेहात सुमारे सहा तास काढल्यावाचून फलनाचा अधिकारच प्राप्त होत नाही, असा या कालगणनेचा निकाल होता. ऑस्टिन यांनी पुढल्या वर्षी या घटनेस ‘कॅपॅसिटेशन’ हे नाव दिले. शुक्राणूच्या पटलावरील कोलेस्टेरॉल या काळात उतरते, कॅल्शियम आत शिरू लागते, शेपटीचे फटकारे जोरकस होतात, आणि बीजाचे कवच भेदणारी द्रव्ये बाहेर टाकण्याची सिद्धता होते, हे ज्ञान त्यानंतरच्या दशकांतील.

१९५७ साली चांग यांनी याची दुसरी बाजू उघड केली. सामर्थ्य पावलेल्या शुक्राणूंना पुन्हा वीर्यद्रवात ठेवले की ते सामर्थ्य लोप पावते, आणि स्त्रीदेहात परत काही काळ राहिल्यावर पुन्हा लाभते. म्हणजे ज्या द्रवातून शुक्राणू प्रवासास निघतात, तोच त्यांना आवरूनही धरतो. याच वर्षांत, त्याच संस्थेत, गर्भनिरोधक गोळीसाठी संप्रेरकसदृश संयुगांची परीक्षाही चांगच करीत होते. गर्भधारणा कशी होते आणि कशी टाळावी, या दोन्ही प्रश्नांचा भार एका माणसाने इतक्या निष्ठेने वाहिल्याची उदाहरणे विरळाच.

देहाबाहेर फलन साधल्याचे दावे पूर्वीही झाले होते. खुद्द पिंकस यांचा १९३४ सालचा दावा संशयास्पद ठरण्याचे एक मुख्य कारण, त्यांचे शुक्राणू सामर्थ्य पावलेले नव्हते, हेच होय. १९५४ साली फ्रान्समध्ये तिबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मादीच्या गर्भाशयातून परत मिळवलेले शुक्राणू वापरून सशांत असे फलन घडविले. चांग यांनी १९५९ साली ही गोष्ट शेवटास नेली : काचपात्रात फलित झालेली छत्तीस बीजे सहा माद्यांच्या उदरी ठेवली, आणि त्यांतील चौघींना पंधरा जिवंत पिले झाली. १९६३ साली त्यांना जपानी सहकारी यानागिमाची यांच्यासह हॅम्स्टरच्या शुक्राणूंना स्त्रीदेहाच्या साहाय्यावाचून, केवळ द्रवात, सामर्थ्य देता आले. ऑस्टिन यांचे केंब्रिजमधील शिष्य बॅरी बॅव्हिस्टर यांनी सिद्ध केलेल्या द्रवाच्या आधाराने १९६९ साली त्यांनी आणि एडवर्ड्स व स्टेप्टो या ब्रिटिश संशोधकांनी मानवी बीजाचे देहाबाहेरील फलन नोंदविले, आणि २५ जुलै १९७८ रोजी अशा फलनातून इंग्लंडात पहिले बालक जन्मले. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच पुनरुत्पादन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ यांच्या परिश्रमांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्मास आले, त्यामागेही सशांवरील ती कालगणना उभी होती.

आजही देहाबाहेरील फलनाच्या प्रयोगशाळेत वीर्य नळीच्या तळाशी राहते, त्यावर पोषकद्रव अलगद ओतला जातो, नळी तिरकी करून ३७ अंशांच्या उबेत तासभर ठेवतात, आणि जे शुक्राणू स्वतःच्या बळावर वर पोहून येतात तेवढेच उचलून घेतात. चांग यांनी दोषी ठरविलेला वीर्यद्रव खाली मागे राहतो. प्रयोगशाळेबाहेर मात्र, विवाहानंतर वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही की, आमच्या घराघरांतून तपासणीचे पहिले फर्मान सुनेच्या नावे निघते आणि नवऱ्याची तपासणी टाळता येईल तितकी टाळली जाते, याची मला मनस्वी चीड आहे. ती झालीच तर दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भमर्यादा ओलांडल्याचा दाखला हाती पडून त्याची सुटका होते. परंतु भिंगाखालील ही मोजणी शुक्राणूंची संख्या, आकार आणि गती सांगते; तासन्‌तास स्त्रीदेहात वावरल्यावर त्यांना सामर्थ्य येईल की नाही, हे ती सांगू शकत नाही. दोघांचेही कागद निर्दोष असून मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या प्रकरणावर ‘कारण अज्ञात’ असा शेरा पडतो, त्यांतील काहींचे कारण याच न दिसणाऱ्या तासांत दडलेले असते.