उन्हात राबणाऱ्यांचं सनस्क्रीन अजून महागच

साबणाची वडी, शाम्पू, केसांचं तेल, टाल्कम पावडर यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं आहे. काय स्वस्त झालं त्याच्या याद्या सगळीकडे छापून आल्या. काय तसंच राहिलं, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. चेहऱ्याला लावायची पावडर ५ टक्क्यांत गेली. त्याच फळीवरचं सनस्क्रीन, मॉइश्चरायझर आणि बाटलीतला फेसवॉश १८ टक्क्यांतच राहिले. म्हणजे चेहरा उजळ दिसावा म्हणून थापायची वस्तू स्वस्त आणि ऊन अडवणारी महाग. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्यासारख्या ठिकाणी, जिथे भोवतालच्या गावांचा अर्धा दिवस उघड्या रानात जातो, हा हिशेब मला पटत नाही.

पहिला पगार हातात आलेली मुलगी किंवा पोलिस भरतीसाठी मैदानावर धावणारा मुलगा पाचशेची नोट घेऊन मेडिकलच्या काउंटरवर येतो, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये आठ-दहा बाटल्यांची यादी असते. टोनर, सीरम, व्हिटॅमिन सी, नाइट क्रीम. यातलं बहुतेक सगळं पुढे ढकलता येतं. चेहरा धुवायला काहीतरी सौम्य, ओलावा धरायला काहीतरी साधं आणि दिवसा उन्हापासून संरक्षण, एवढ्यावर सुरुवात होते.

धुण्यासाठी ग्लिसरीनची वडी चालते, आणि ती आता ५ टक्क्यांत आहे. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून तोंड धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटले की साबण बदलायचा. दिवसातून दोनदा पुरे. बेसन किंवा मुलतानी माती लावायला हरकत नाही, पण जुन्नरच्या कोरड्या थंडीत ती त्वचा आणखी सुकवते. लिंबू मात्र नकोच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चट्टे उठतात, कधी फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. ओलाव्यासाठी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं साधं लोशन घ्यावं, आणि मुरुमं येणाऱ्यांनी चेहऱ्याला खोबरेल टाळावं. 'नायसिनमाइड'च्या महागड्या सीरमचा मोह होत असेल, तर एक गोष्ट सांगतो. हेच द्रव्य १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'त होतं. २०२० मध्ये त्या क्रीमचं नाव बदललं, द्रव्य जुनंच आहे.

आता सनस्क्रीन. एसपीएफ ३० म्हणजे भाजून काढणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडतात, एसपीएफ ५० ने सुमारे ९८ टक्के. या एका टक्क्यासाठी दीडशे रुपये जास्त मोजू नयेत. डाग पाडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या किरणांसाठी 'पीए'पुढची अधिकची चिन्हं पाहावीत, निदान तीन. खरी अडचण मापाची आहे. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. हे साधारण एक-सव्वा ग्रॅम होतं. म्हणजे रोज एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब चाळीस-पन्नास दिवसांत संपते. आपल्याकडे ती वाटाण्याएवढी लावून चार महिने पुरवतात आणि मग 'काही फरक पडला नाही' म्हणतात. पुरवून लावलेल्या सनस्क्रीनवर लिहिलेला एसपीएफ मिळत नाही. दर महिना-दीड महिन्याला ट्यूब आणायची, तर कर टोचतोच. ३५४ रुपयांच्या ट्यूबमध्ये ३०० रुपयांचा माल आणि ५४ रुपये कर असतो. ५ टक्के असता तर तीच ३१५ ला मिळाली असती. जीएसटी परिषदेने हा भाग पुन्हा तपासायला हवा.

तोवर कापडाला पर्याय नाही. कांदालागणीला, टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्या-तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. कॉलेजच्या मुली याला गावठी समजतात, पण त्वचेच्या दृष्टीने हा उत्तम बंदोबस्त आहे. घट्ट विणीचं गडद कापड पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा कितीतरी जास्त ऊन अडवतं. महिनाअखेर सनस्क्रीन परवडलं नाही तर नाक आणि गालांच्या उघड्या भागालाच लावावं, बाकी कापडावर सोडावं.

पाचशे रुपयांत काय घेऊ नये, हे काय घ्यावं यापेक्षा महत्त्वाचं आहे. अकोल्याचं प्रकरण आठवत असेल. २०२३ च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या आल्या. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण. ओळखीच्या पार्लरमधून मिळालेलं क्रीम तिघींनी लावलं, चेहरे उजळले, लोक कौतुक करू लागले आणि मग तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आली. एकाच घरातल्या तिघींना एकच आजार कसा, याचा शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयात मूत्रपिंडविकार विभागाचे डॉ. तुकाराम जमाले यांच्यापर्यंत पोहोचला आणि क्रीममध्ये पारा सापडला. त्याच सुमारास केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण भेटत होते. पारा रंगद्रव्य तयार करणारं विकर रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. फसवणूक लक्षात येत नाही ती यामुळेच. तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. मग लघवीला फेस येतो, पावलं सुजतात. घरातलं कुणी डोळ्यांखालची सूज जागरणावर ढकलतं आणि महिने निघून जातात.

दुसरा धोका मेडिकलमध्येच मिळतो. खाज किंवा गजकर्णासाठी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब एकीकडून दुसरीकडे फिरते आणि चेहऱ्यावर येते. आठवड्याभरात मुरुमं बसतात, रंग निवळतो. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिलं आहे. २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा औषधांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती काउंटरवर किती पाळली जाते, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.

म्हणून खोकं उलटं करून वाचायची सवय लावावी. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, घटकांची यादी. आयात माल असेल तर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव. यातलं काही नसेल, किंवा क्रीम साध्या डबीत भरून 'आमचा खास फॉर्म्युला' म्हणून मिळत असेल, तर ते घेऊच नये. ट्यूबच्या नावात 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' दिसलं तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे.

मुरुमं असतील तर डॉक्टरांना विचारून २.५ टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड घेता येतं. ते ५ किंवा १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ मात्र त्यांच्यापेक्षा कमी होते. फक्त उशीच्या अभ्र्यावर आणि रंगीत टॉवेलवर पांढरे डाग पडतात, तेव्हा जुना टॉवेल बाजूला काढून ठेवावा. कोणतीही नवी वस्तू आधी चार-पाच दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, आणि दोन नव्या वस्तू एकाच आठवड्यात सुरू करू नयेत. चेहरा लाल झाला तर दोषी कोण ते कळत नाही. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. आठवड्यात गोरं करणाऱ्या क्रीमवर संशय घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

स्टेरॉइडची ट्यूब आधीच काही महिने लावून झाली असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने हळूहळू सोडवावी. खासगीत परवडत नसेल तर पुण्यात ससूनची ओपीडी आहे. बिनलेबलचं क्रीम मात्र त्याच दिवशी थांबवावं, डबी फेकू नये, डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवावी आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ती साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. घरातल्या आणखी कुणी तीच डबी वापरली असेल, तर त्यांचीही तपासणी करायला हवी.