किल्ली जिच्या हाती

रहस्यकथेच्या प्रांतात नोकरवर्गाला पूर्वापार एक चमत्कारिक स्थान मिळालेले आहे. तो प्रत्येक दालनात वावरतो, प्रत्येक दार उघडतो, आणि तरीही कथेतील प्रतिष्ठितांच्या, बहुधा वाचकांच्याही, नजरेस तो पडत नाही. १९११ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या फादर ब्राउनच्या कथांपैकी एकीत चेस्टरटनने याच अंधत्वावर सारा डाव रचला. तिथला चोर वेटरांमध्ये सभ्य गृहस्थ म्हणून आणि गृहस्थांमध्ये वेटर म्हणून फिरतो, कारण दोघांचा काळा पोशाख एकसारखा असतो आणि वेटरच्या मुद्रेकडे निरखून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार, धनंजय आणि काळापहाड ही नावे घरोघर पोहोचविली. पण तिथेही पराक्रमाचा मान धाडसी, चतुर पुरुषाचाच. खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या मुलीच्या तोंडून अथपासून इतिपर्यंत हकीकत ऐकावी, असा प्रसंग वाचकावर क्वचितच येतो, आणि म्हणूनच निटा प्रोज या कॅनेडियन लेखिकेची २०२२ सालची ‘द मेड’ ही कादंबरी मला मोलाची वाटते.

मॉली ग्रे ही तिची पंचवीस वर्षांची नायिका एका भव्य हॉटेलात खोल्या आवरते. तिला वाढविणारी आजी काही महिन्यांपूर्वीच निवर्तली आहे, साठविलेली पुंजी एका गोडबोल्या तरुणाने लंपास केली आहे, आणि समोरच्याचे हसू मायेचे की कुचेष्टेचे हे ओळखण्याची जी शक्ती इतरांना जन्मजात लाभते ती हिच्या वाट्याला फारशी आलेली नाही. आपला गणवेश, आपली ट्रॉली आणि विस्कटलेली खोली पूर्ववत करण्याचे आपले कसब यांवर मात्र तिचे निरतिशय प्रेम आहे. एके दिवशी ब्लॅक नामक धनिक पाहुणा तिला पलंगावर मृतावस्थेत आढळतो, आणि तपासाची सुई फिरतफिरत तिच्यावरच येऊन स्थिरावते.

या कादंबरीचे खरे मर्म निवेदनात आहे. ‘खुनी कोण?’ या कुतूहलाने सामान्य रहस्यकथा वाचकाला पुढे ओढते. इथे ते काम काळजी करते. बारवरचा तरुण तिला लाघवाने एखादी खोली साफ करायला सांगतो, ती त्याला सज्जन समजून हुरळते, आणि त्याच क्षणी आपल्या मनात पाल चुकचुकते. तिने सांगितलेल्या तपशिलात काहीच खोटे नसते, फक्त त्याचा अर्थ तिला उमगलेला नसतो, त्यामुळे तिच्याच शब्दांतून तिला न दिसणारे संकट आपण वाचू लागतो. पोलिसांच्या प्रश्नांना ती वकिलावाचून, प्रामाणिकपणे, शब्दशः उत्तरे देते, आणि नेमका हाच प्रामाणिकपणा संशयाला खतपाणी घालतो. निष्पाप माणसाची भाषा दप्तरात उतरली की तिचा रंग कसा पालटतो, याचे इतके बारीक चित्रण मी रहस्यकथेत क्वचितच वाचले आहे.

कर्जत-खालापूरच्या वाचकाला ही मॉली परकी वाटू नये. हॉटेलचा व्यवसाय या मुलखाला नवा नाही; कर्जत तालुक्यातील माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेत भरले, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर चढू लागली, आणि पाहुण्यांच्या सरबराईवर पोट भरणारी माणसे तेव्हापासून इथे आहेत. पुढे द्रुतगती महामार्ग झाला, आणि उल्हासच्या काठाने, कशेळेच्या अंगाला, चौक-खोपोलीच्या आसपास रिसॉर्ट आणि फार्महाऊस उभी राहिली. तिथे ‘हाऊसकीपिंगला’ जाणाऱ्या मुलींत ठाकर-कातकरी वाड्यांवरच्याही असतात. ओल्या टॉवेलांचा ढीग काढायचा, गादीच्या कोपऱ्याखाली चादर ताणून दुमडायची, उशीखाली राहिलेले घड्याळ वा कानातले काउंटरवर नेऊन द्यायचे आणि रजिस्टरात नोंद करवून घ्यायची, हा त्यांचा नित्यक्रम. आणि तेच कानातले पाहुण्याच्या पिशवीत न सापडल्यास पहिला प्रश्न येतो तो किल्ली कोणाकडे होती, हा.

विश्वासाचे हे ओझे कायद्यानेही ओळखले आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, पण नोकराने धन्याच्या ताब्यातील चीज चोरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ अन्वये ती मर्यादा सात वर्षांवर जाते, म्हणजे किल्ली सोपविलेल्या हाताचा गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. उलटपक्षी, पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यातून आजच्या साक्ष अधिनियमात जसेच्या तसे आले आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तसेच अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळू शकतो. मॉलीच्या मदतीला हॉटेलचा वृद्ध द्वारपाल आणि त्याची वकील कन्या धावून येतात. वाडीवरच्या मुलीला असा द्वारपाल भेटेलच असे नाही, म्हणून ही तरतूद तिच्या कानी आधीच पडलेली असावी, असे मला कळकळीने वाटते.

कादंबरीचा शेवट उघड करणे हा वाचकाशी द्रोह होईल. एवढेच सांगतो की जिला आपण पानोपानी सांभाळीत आलो तिनेही एक गोष्ट आपल्यापासून राखून ठेवलेली असते, आणि ती कळल्यावर पहिली प्रकरणे पुन्हा उघडणे भाग पडते. त्या दुसऱ्या वाचनात तिचे वेंधळेपण तसेच राहते, पण तिच्या नजरेतून काय काय सुटले असे आपण ज्या ठिकाणी समजलो होतो, त्यांतल्या निदान एका ठिकाणी तिने सारे पाहिले होते आणि पुरता विचार करून ती गप्प राहिली होती, हे ध्यानी येते.