लेक्चर समजले म्हणजे शिकून झाले?

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हापासून एक तक्रार कायम आहे: गटचर्चा आणि छोट्या चाचण्यांत वेळ जातो, पूर्वी सरांचे तासभराचे लेक्चर ऐकले की विषय पक्का होई. हे ‘पक्का होणे’च तपासायला हवे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला; इतरांनी तो पहिल्याच सत्रात वाचला आणि पुढच्या तिन्हींत न बघता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने पारडे फिरले: वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले, लिहिणाऱ्यांकडे ६१. तरीही, आपल्या लक्षात जास्त राहील, ही खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. लेक्चर ऐकताना जे सोपे वाटते, ते पुढे आठवेलच असे नाही. मात्र त्या क्षणी आपल्याला तसे वाटते खरे.

उताऱ्याचे ठीक आहे, पण वैद्यकाचे काय? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवासी डॉक्टरांना मेंदू-मज्जासंस्थेचे दोन आजार शिकवले. एकावर काही आठवड्यांत पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊन लगेच बरोबर उत्तरे दाखवली, दुसऱ्याची टिपणे तितक्याच वेळा वाचायला दिली. सहा महिन्यांनी चाचण्या झालेल्या विषयात ३९ टक्के गुण, वाचलेल्यात २६. (३९ टक्केही मिरवण्यासारखे नाहीत, हे मान्य.) यावर कुणी म्हणेल, व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, तर आमच्या वेळीही होती. होती, पण ती बहुधा गुण ठरवण्यासाठी, वर्षअखेरीस. चुकलेले उत्तर दुरुस्त करून पुन्हा विचारण्याची सोय त्यात नव्हती.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे: नवे ते सरस. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये समस्याधारित अध्ययन, म्हणजे लेक्चरऐवजी रुग्णाच्या समस्येवर छोट्या गटात चर्चा करत शिकणे, सुरू केले, ते जगभर पसरले. १९९३ मधील आढाव्यांत मात्र असे दिसले की या पद्धतीने शिकलेल्यांना ती आवडते, रुग्णांसमोरचे त्यांचे काम बरे असते, पण मूलभूत विज्ञानाच्या परीक्षेत ते काही वेळा मागे पडतात. ज्या गटचर्चेत दोघे बोलतात आणि आठ जण माना डोलावतात, ती लेक्चरहून वेगळी नाही. गुण पद्धतीच्या नावात नसतो. आठवायला लावणे आणि चूक तिथल्या तिथे दाखवणे, हे घडते का ते पाहावे.

आणि वर्गात दीडशे-अडीचशे मुले, त्याचे काय? आठवून लिहिण्यापुरती ही अडचण खोटी आहे. तासाच्या शेवटी पाच प्रश्न, कोरा कागद, मग उत्तरे. एवढे कोणत्याही वर्गात जमते. प्रत्यक्ष रुग्णासोबतच्या कौशल्यांपुरती मात्र ती अगदी खरी आहे. पोट तपासणे, रुग्णाला वाईट बातमी सांगणे हे शिकायला कुणीतरी अनुभवी माणसाने शेजारी उभे राहून पाहावे लागते. तिथे माणसे कमी पडली की कौशल्यांच्या नोंदीच्या वहीत, लॉगबुकात, सही होते, पाहिलेले कुणीच नसते.