एक कप नको, एक दशक द्या!

कप आले, मिरवणुका झाल्या, सगळ्यांचे स्टेटस अपडेट झाले. तरी आपल्यातल्या अट्टल फॅनचं पोट काही भरत नाही. त्याला नक्की हवंय तरी काय?

कुठल्याही क्रिकेटवेड्याला विचारा, 'बाबा रे, तुझी इच्छा काय?' जून २०२४ पर्यंत उत्तर ठरलेलं होतं. कप! कुठलाही चालेल, पण कप! आणि त्याचं काही चूक नव्हतं. २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीनंतर तब्बल ११ वर्षं आपण नुसते दारापर्यंत जाऊन परत येत होतो. २०१४ ची फायनल, २०१५ ची सेमी, २०१६ ला आपल्याच वानखेडेवर वेस्ट इंडिजने केलेला पोपट, २०१७ ला पाकिस्तान, २०१९ ला धोनीचा तो रनआउट... आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे १९ नोव्हेंबर २०२३. सलग १० मॅचेस जिंकून अहमदाबादला पोचलो आणि अकरावी हरलो! आमच्या बिल्डिंगमध्ये फटाक्यांचं खोकं आणून ठेवलं होतं. ते तसंच वॉचमनच्या केबिनमध्ये पडून राहिलं. विषय काढायची कुणाची हिंमत नव्हती.

मग २९ जून २०२४ उजाडला. बार्बाडोस, सूर्याचा बाउंड्रीवरचा तो कॅच, ७ रन्सनी मॅच खिशात. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र (शेजारच्या खऱ्या समुद्राकडे त्या दिवशी कुणी ढुंकूनही बघितलं नाही). मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी. २ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींचा वर्ल्डकप. दीड वर्षाच्या आत तीन मोठे कप. बॉस, आणखी काय पाहिजे?

सांगते.

मला एक दशक पाहिजे. सलग, दणदणीत, समोरच्याला टॉसच्या आधीच घाम फोडणारं दशक. वेस्ट इंडिजने १९८० ते १९९५ एकही टेस्ट सीरिज हरली नाही. पंधरा वर्षं! म्हणजे एक पोरगं पहिलीत गेलं, दहावी पास झालं, कॉलेजला लागलं, तरी हे लोक आपले नॉट आउट. ऑस्ट्रेलियाने सलग १६ टेस्ट जिंकण्याचा पराक्रम एकदा नाही, दोनदा केला. असल्या टीम्सची नावं घेताना आजही लोक आवाज खाली आणतात. आपलं नाव कुणी तसं घेतं का?

गंमत बघा, ऑस्ट्रेलियाची ती दोन्ही वेळची गाडी कुणी अडवली? आपणच. २००१ ला कोलकात्यात लक्ष्मण २८१, द्रविड १८० आणि भज्जीची हॅट्‌ट्रिक. २००८ ला पर्थ. १९८३ ला लॉर्ड्‌सवर वेस्ट इंडिजची सलग तिसऱ्या कपाची स्वप्नं कुणी मोडली? पुन्हा आपणच. १९८८ पासून ब्रिस्बेनच्या गाबावर ऑस्ट्रेलिया हरली नव्हती, तो किल्ला १९ जानेवारी २०२१ ला पंतने पाडला, तोही ॲडलेडला ३६ वर ऑलआउट झाल्यानंतर बरोबर एका महिन्याने. थोडक्यात, दुसऱ्याचा हत्ती लोळवण्यात आपण एक्स्पर्ट. स्वतः हत्ती व्हायचं म्हटलं की मात्र आपला मामला जरा वेगळा.

एक्चुअली, एकदा आपण झालो होतो. २०१३ ते २०२४, मायदेशात सलग १८ टेस्ट सीरिज जिंकल्या. कुठल्याही टीमने घरच्या मैदानांवर असं केलेलं नाही. पण मला सांगा, या १८ साठी कुणी ओपन बस काढली? कुणी शर्ट काढून लोकलच्या दारात नाचलं? आपल्या फॅन मंडळींना तो रेकॉर्ड कळला तोच मुळी तुटल्यावर. २६ ऑक्टोबर २०२४, पुण्याजवळचं गहुंजे. न्यूझीलंडच्या सँटनरने मॅचमध्ये १३ विकेट्स काढल्या आणि बारा वर्षांचा हिशोब तिथेच मिटला.

त्यानंतरच्या मॅचला मी वानखेडेवर होते. ३ नोव्हेंबर, दिवाळीचा रविवार, घरी भाऊबीज सोडून. १४७ करायचे होते फक्त. आपल्या घरी, आपल्या मातीत, १४७! बघता बघता २९ वर ५. माझ्या शेजारी एक काका बसले होते. सत्तरीचे असतील, डोक्यावर रुमाल, मांडीवर चकलीचा डबा. त्यांना म्हटलं, ''काका, होईल ना हो?''

''अगं, पंत आहे ना अजून. तू चकली घे.''

पंतने ६४ केले तोवर आम्ही दोघांनी अर्धा डबा संपवला होता. तो गेला आणि काकांनी डब्याचं झाकण लावलं. १२१ ऑलआउट. २५ रन्सनी हरलो, सीरिज ३-०. तीन टेस्टची सीरिज घरच्या मैदानावर आपण अशी पूर्ण धुवून कधीच दिली नव्हती. ११ विकेट्स काढणारा एजाझ पटेल जन्माने मुंबईकर, हा वरून मीठ चोळण्याचा प्रकार. काका उठताना एवढंच म्हणाले, ''स्पिनवर गेलो गं. स्पिनवर!''

त्यांना काय लागलं होतं ते मला बरोबर कळलं. फास्ट बोलिंगवर हरणं आपल्याला माहिती आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या आलंय. पण स्पिन म्हणजे आपल्या घरचा वरणभात. तोच घशात अडकला!

आता यातली खरी मेख. आपण मधली काही वर्षं पहिल्याच दिवसापासून वळणाऱ्या आखाडा खेळपट्ट्या बनवायचा सपाटा लावला. वाटलं, आपल्याकडे अश्विन-जाडेजा आहेत, काय फरक पडतो? पडतो ना! बॉल हातभर वळायला लागला की समोरचा बरा स्पिनरही डेंजर होतो. चांगल्या पिचवर अश्विन आणि पाहुण्या स्पिनरमध्ये जे अंतर दिसतं, ते आखाड्यावर पुसलं जातं. त्यात आपले स्टार बॅट्समन वर्षानुवर्षं रणजीकडे फिरकलेले नाहीत. मग पायांची हालचाल शिकणार कुठे? नेटमध्ये?

या दणक्यानंतर आणि ऑस्ट्रेलियात ३-१ मार खाल्ल्यानंतर बोर्डाने डोमेस्टिक खेळायचं फर्मान काढलं. जानेवारी २०२५ मध्ये चक्क रोहित, यशस्वी, अजिंक्य, श्रेयस, शार्दूल अशी सगळी बारात बीकेसीच्या मैदानात रणजी खेळायला उतरली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या काचेच्या केबिनपासून पाच-दहा मिनिटांवर! ४२ वेळा रणजी जिंकलेली मुंबई, समोर जम्मू-काश्मीर. जिंकलं कोण? जम्मू-काश्मीर, ५ विकेट्सनी. मुंबईकर म्हणून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण देशाच्या टीमची फॅन म्हणून मला ती त्या वर्षातली बेस्ट बातमी वाटली होती. मुंबईला पाणी पाजणारे बोलर अशा ठिकाणांहून येत असतील, तर आपल्या खजिन्याला तळ नाही.

माझा हिंजवडीत आयटीत असलेला एक मित्र यावर हसतो. त्याचं म्हणणं, ''अगं, टेस्ट बघतं कोण आता? पाच दिवस रजा कोण देतं?'' त्याला मी ४ ऑगस्ट २०२५ ची आठवण करून देते. सोमवार, दुपारी साडेतीन. ओव्हलवर इंग्लंडला ३५ रन्स, आपल्याला ४ विकेट्स. मी एका क्लायंटकडे मीटिंगला होते. प्रेझेंटेशन चालू, सगळे गंभीर, आणि टेबलाखाली प्रत्येकाचा मोबाइल. हात गळ्यात बांधलेला वोक्स बॅटिंगला आला तेव्हा बोलणारा स्वतःच थांबला. सिराजने ॲटकिन्सनचा स्टंप उडवला, ६ रन्सनी जिंकलो, आणि त्या कॉन्फरन्स रूममध्ये ज्या आरोळ्या उठल्या त्याला कॉर्पोरेट भाषेत शब्द नाही. रन्सच्या हिशोबात हा आपला टेस्टमधला सगळ्यात निसटता विजय. आणि हो, हिंजवडीवाल्याचा मेसेज पहिला आला होता!

ती टीम बघा ना. रोहित आणि विराट मे महिन्यात टेस्टमधून रिटायर झालेले. कॅप्टन २५ वर्षांचा शुभमन गिल, सीरिजमध्ये ७५४ रन्स. एजबॅस्टनला आपण कधीच जिंकलो नव्हतो, तिथे ३३६ रन्सनी जिंकलो. जिंकलेल्या दोन्ही टेस्टमध्ये बुमराह नव्हता, हे तर मला स्वप्नातही पटलं नसतं. २-२ वर सुटलो, पण मी त्या आठवड्यात मनातल्या मनात दशक मोजायला सुरुवातसुद्धा केली होती.

आणि मग नोव्हेंबर! कोलकात्यात १२४ करायचे होते, ९३ वर खेळ खल्लास. आखाडा आपणच मागितलेला, हार्मरने मॅचमध्ये ८ काढल्या. गुवाहाटीला तर पिचला नाव ठेवायची सोयही नव्हती, साउथ आफ्रिकेने आधी ४८९ कुटले आणि शेवटी आपण ४०८ रन्सनी हरलो. तेरा महिन्यांत घरच्या मैदानावर दुसऱ्यांदा झाडूपुसणी. आमच्या आजोबांच्या पिढीला एक टोमणा कायम ऐकावा लागायचा : इंडिया म्हणजे घरचे वाघ, बाहेर शेळ्या. आता शेळी घरात आणि वाघ लंडनला!

तरीही मी निराश नाही. त्याचं कारण म्हणजे नेरुळची ती रात्र. त्याआधी ३० ऑक्टोबरला त्याच ग्राउंडवर ऑस्ट्रेलियाने ३३९ चं टार्गेट दिलं होतं. वांद्र्याच्या जेमिमाने नॉट आउट १२७ काढून ते पूर्ण केलं. फायनलला पाऊस, लांबलेली मॅच, शेफालीचे ८७, दीप्तीच्या ५ विकेट्स. पाठीवर हरमन आणि स्मृतीचं नाव लिहिलेले टी-शर्ट घालून बाप्ये लोक फिरत होते. मला शाळेत 'तुला एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते तरी कळतं का' असं विचारणारी हीच जमात! आणि त्या टीमचा कोच कोण? अमोल मुझुमदार. १९८८ ला तेंडुलकर-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप चालू असताना पॅड बांधून पॅव्हिलियनमध्ये बसून राहिलेला. रणजीत ढिगाने रन्स केले, इंडियाची कॅप एकदाही मिळाली नाही. फॅन मंडळी, 'वाट बघणे' या विषयात आपण अजून बालवाडीत आहोत.

बाकी माझी विशलिस्ट फार मोठी नाही. साउथ आफ्रिकेत आपण आजवर एकही टेस्ट सीरिज जिंकलेलो नाही, ती एकदा. टेस्ट चॅम्पियनशिपची गदा, जी दोनदा फायनलला जाऊन हातची सुटली. इंग्लंडमध्ये सीरिज, २००७ च्या द्रविडच्या टीमनंतर आणलेली नाही. आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये १४ व्या वर्षी ३५ बॉल्समध्ये सेंच्युरी ठोकणाऱ्या वैभव सूर्यवंशीला कृपा करून कुणी 'नेक्स्ट तेंडुलकर' म्हणू नये. पृथ्वी शॉला आपण म्हणून बघितलंय. शाळेत ५४६, टेस्ट पदार्पणात सेंच्युरी, आणि मग? पोराला दोन सीझन मातीत खेळू द्या, लाल बॉलवर आउट होऊ द्या, शिव्या घालायला आपण आहोतच.

हिंजवडीवाल्याशी पैज लागली आहे. साउथ आफ्रिकेत सीरिज जिंकलो की तो पाचच्या पाच दिवस रजा टाकून माझ्याबरोबर टेस्ट बघायला येणार. हरलो तर मला त्याच्याबरोबर आख्खी आयपीएल बघायची आहे, जाहिरातींसकट. तोवर प्रॅक्टिस म्हणून रणजीला जायचं ठरवलंय. बहुतेक वेळा तिकीटबिकीट नसतं, सावलीतली जागा हवी तर मात्र नऊच्या आत पोचावं लागतं.