ट्रॅक्टरवाल्याची वेगवान गाडी

गाडी भरणारा शेतकरी एक गोष्ट शाळेंत न जातांही जाणतो. ओझें मागें गेलें कीं गाडी उलार होते, पुढें गेलें कीं तें बैलांच्या मानेवर येतें. भार आंसाजवळ राहिला म्हणजेच बैलांस सुख होतें. भार मध्याजवळ ठेवण्याचें हेंच तत्त्व धरून इटली देशांत १९६६ सालीं एक मोटार निघाली व तिनें वेगवान गाड्यांचें वळणच बदललें. ती म्हणजे लॅम्बोर्गिनी कारखान्याची 'मिउरा'. अलोऱ्याच्या खाचरांत भात लावणारानें तिची हकीकत कां वाचावी, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ही गाडी ट्रॅक्टरच्या पैशावर उभी राहिली, आणि ट्रॅक्टरचा धंदा अडखळतांच तिचा कारखाना धन्याच्या हातून निसटला.

फेरुचियो लॅम्बोर्गिनी ह्यांचा जन्म १९१६ सालीं चेंतो गांवाजवळील रेनात्सो येथें, द्राक्षें पिकविणाऱ्या कुटुंबांत झाला. पिकापेक्षां यंत्रांकडे त्यांचा ओढा अधिक. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या टाकाऊ गाड्यांचे भाग घेऊन त्यांनीं ट्रॅक्टर बांधले. पेट्रोलवर सुरू करून पुढें स्वस्त डिझेलवर चालवितां येईल अशी युक्ति त्यांत होती. त्यामुळें बेताच्या शेतकऱ्यासही ते परवडले. धंदा भरभराटला, व १९६३ सालीं त्यांनीं सांतागाता बोलोन्येसे येथें मोटारींचा कारखाना काढला.

तेथील दाल्लारा, स्तान्झानी व वॉलेस ही तरुण मंडळी कामाचे तास संपल्यावर एका नव्या गाडीचा आराखडा काढीत बसे. बारा नळकांड्यांचें, सुमारें ३.९ लिटर मापाचें इंजिन त्यांनीं बैठकीच्या पाठीमागें पण मागल्या आंसाच्या पुढें, आडवें बसविलें. १९६५ च्या नोव्हेंबरांत तुरीन येथें नुसता सांगाडाच मांडला होता; १९६६ च्या मार्चांत जिनीव्हा येथें, बर्तोने पेढींतील मार्चेल्लो गांदिनी ह्यांनीं रेखिलेलें अंग लेवून पुरी गाडी आली. नांव दिलें तें झुंजीच्या बैलांची पैदास करणाऱ्या स्पेनमधील एदुआर्दो मिउरा ह्यांचें. आपल्याकडे दिलीप छाब्रिया ह्यांनीं २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत आणलेली 'अवंती' गाडीही ह्याच ठेवणीची होती.

मिउरा निर्दोष नव्हती. पेट्रोलची टाकी पुढें असल्यानें इंधन संपत जाई तसतसें पुढचें अंग हलकें होई व भर वेगांत तें उचलूं पाही. म्हणजे लाखमोलाची गाडीही उलार होई! इंजिन व गिअर ह्यांस एकच तेल होतें. १९७१ सालीं निघालेल्या 'एसव्ही' प्रकाराच्या नंतरच्या गाड्यांत तें वेगळें केलें गेलें. १९७३ पर्यंत साडेसातशेंहून थोड्या अधिक गाड्या झाल्या.

तोंवर मालकाचा काळ फिरला होता. दक्षिण अमेरिकेंतून आलेली ट्रॅक्टरांची मोठी मागणी रद्द झाली, आणि तिच्या भरंवशावर केलेला खर्च अंगावर आला. १९७२ सालीं मोटार कारखान्याचा मोठा हिस्सा विकावा लागला. पुढें ट्रॅक्टरचा कारखानाही 'सामे' ह्या कंपनीकडे गेला. लॅम्बोर्गिनी मात्र खचले नाहींत. त्रासिमेनो सरोवराकांठीं जमीन घेऊन त्यांनीं द्राक्षांचा मळा लाविला; १९९३ सालीं ते वारले.

वाचकांनीं मिउरेचा वेग विसरला तरी चालेल, पण तिच्या धन्याचा ठेंचाळलेला पाय विसरूं नये. आमच्या कोंकणांत बहर येण्यापूर्वींच एकाच दलालाची उचल घेऊन सारा आंबा त्याच्या हवालीं करणारे बागाईतदार थोडे नाहींत. दलाल प्रामाणिक असला तरी सारा भार एका बाजूस जातो. थोडा माल सोसायटीमार्फत, थोडा पेठेंत, थोडा घरच्या गिऱ्हाइकांस, अशी वांटणी केली तर एकानें पाठ फिरविली असतां बाग गहाण पडत नाहीं. गाडी भरतांना जो हिशेब आपण सहज करतों, तोच संसार भरतांनाही करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.