तंजावरच्या भिंतीवरची मराठी

तंजावर हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तिकडे गेले आणि त्यांची गादी तिकडे चालली, एवढे दोन ओळींत शिकून आपण पुढच्या धड्याकडे वळतो. त्या दोन ओळींचे गाव प्रत्यक्षात कसे असेल, याची उत्सुकता मला फार दिवस होती. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी, सौ. आणि सातवीतली लेक अशी आमची तिघांची स्वारी निघाली.

बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीतून बंगळूर, दिवसभर तिथे विसावा आणि संध्याकाळी मैसूरहून येणारी, कावेरीच्या खोऱ्यात उतरणारी गाडी. नकाशा पाहताना ध्यानात आले की व्यंकोजीराजांची वाटही हीच. शहाजीराजांची जहागीर बंगळूरची. तिथूनच व्यंकोजी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला गेले. तंजावरची मराठी गादी पुण्याहून नव्हे, कर्नाटकातून गेली, हे आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

रात्री झोपेतच कावेरी ओलांडली. पहाटे तंजावरला उतरलो तेव्हा फलाट ओला होता. आपल्याकडचा पाऊस संपलेला, पण तिकडचा खरा पाऊस परतीच्या वाऱ्यांचा, ऐन दिवाळीतला. हवेत ओल्या मातीचा, मोगऱ्याचा आणि कॉफीचा वास. बाहेर आल्यावर मात्र एकदम पोरके वाटले. दुकानांच्या पाट्यांवरचे एक अक्षर लागेना. रिक्षावाल्याशी हिंदी बोलून पाहिली, तो नुसता हसला.

तिथे कामी आली ती सौ.ची कन्नड. तिचे माहेर धारवाड. रिक्षावाल्याने बोटे दाखवत भाडे सांगितले आणि तिला आकडे बरोबर समजले. कन्नडमधले नाल्कु, आरु तमिळमध्ये नालु, आरु. मग लेकीलाही नाद लागला. दुपारपर्यंत तिने एक किल्ली शोधून काढली. कन्नडमध्ये जिथे ‘ह’ येतो, तिथे तमिळमध्ये पुष्कळदा ‘प’ असतो. हालु म्हणजे दूध, ते तिथे पाल्. हू म्हणजे फूल, ते पू. हत्तु म्हणजे दहा, ते पत्तु. “पप्पा, ही तर आईच्या भाषेची बहीण!” असे ती म्हणाली आणि परके गाव निम्मे तरी आपले झाले.

उरलेले निम्मे मराठीने आपलेसे केले. एका रस्त्याचे नाव मानोजिअप्पा. मराठी ‘जी’ आणि दक्षिणेतला ‘अप्पा’ एकाच नावात गुण्यागोविंदाने नांदताहेत. घरोघरी दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, तिला तिथे कोलम म्हणतात. खाणावळीत केळीच्या पानावर भात आणि सांबार. हे सांबार तंजावरच्या मराठी राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात जन्मले आणि त्याला संभाजीराजांचे नाव मिळाले, अशी दंतकथा आहे. पुरावा काही नाही, पण पानावर बसल्यावर ती खोटी मानवत नाही!

मोठे देऊळ म्हणजे बृहदीश्वर. ते स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या आत आहे. राजराज चोळाने १०१० साली ते पूर्ण केले. ग्रॅनाइटचे ते शिखर पाहायला मान इतकी मागे न्यावी लागते की डोक्यावरची टोपी पडावी. चौथऱ्यावर चोळांचे तमिळ लेख आहेत. आणि प्राकाराच्या भिंतीवर चक्क आपली मराठी, नागरी अक्षरांत! सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सारा इतिहास तिथे कोरवून घेतला. तो मजकूर इतका मोठा आहे की उभ्या उभ्या वाचून संपायचा नाही.

तिथे उभे राहून आम्ही बोलत होतो, तेवढ्यात एक वयस्क आज्जी थांबल्या. “तुम्ही मराठी?” त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता, पण मराठी स्वच्छ होती. पिढ्यान् पिढ्या त्यांचे घराणे तिथलेच. घरात मराठी बोलतात, शाळा तमिळ आणि इंग्रजीतून झाली. लहानपणापासून या भिंतीवरून जात-येत होत्या. “आमचंच लिहिलंय, माहीत आहे. पण वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या.

आमची लेक कन्नड माध्यमात शिकते. नागरी लिपी येते ती शाळेतल्या हिंदीमुळे आणि घरी रोज मराठी वाचायची सवय आहे म्हणून. ती अक्षरे लावत मोठ्याने वाचू लागली. जुन्या शब्दांवर ती अडखळली की आज्जी नुसते ऐकून अर्थ सांगायच्या. एकीला अक्षर येत होते, दुसरीला शब्द. दोघी मिळून आठ-दहा ओळी पुढे गेल्या. आज्जींनी भिंतीवरून हात फिरवला आणि लेकीच्या गालावरून.

राज्य १८५५ साली कंपनी सरकारने खालसा केले. बोली मात्र साडेतीनशे वर्षांनंतरही स्वयंपाकघरात जिवंत आहे. गेले ते वाचन. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर मराठी पोथ्या आहेत, मोडी कागद आहेत. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, त्याआधी दीडशे वर्षे तंजावरचे शहाजीराजे मराठीत नाटके लिहीत होते. एवढे धन कपाटात, आणि घरात ती भाषा बोलणाऱ्यांना ते उघडता येत नाही.

आपल्या घरांतही याहून वेगळे काय चालले आहे? सौ.च्या पुण्यातल्या भाच्या कन्नड छान बोलतात, पण धारवाडच्या आजोबांचे पत्र आले की वाचून दाखवायला आई लागते. इकडे बेळगावात मराठी बोलणारी कितीतरी मुले मराठी पुस्तक हातात धरत नाहीत. दोन भाषांच्या घरात एक भाषा दुसरीला मारत नाही. तंजावरच्या आज्जींची तमिळ त्यांच्या मराठीच्या आड आली नाही. पण लिपी अशीच आपोआप येत नाही. ती कोणीतरी रोज दहा मिनिटे मांडी घालून शिकवावी लागते, मराठीची आणि कन्नडचीही.

तंजावरला जाणार असाल तर दोन दिवस हाताशी ठेवा. देऊळ दुपारी बंद असते, म्हणून सकाळीच जा. मुलांना त्या भिंतीपुढे उभे करा आणि मोठ्याने वाचायला लावा. ऐकणारे कोणी ना कोणी भेटेलच.