अतिस्वच्छ पाण्यात स्पंजाची उपासमार

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात हौसेने आणलेले रंगीत स्पंज पुष्कळदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतात. पाणी अस्वच्छ राहिल्याने ते दगावतात, असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलटेच घडते. पाणी इतके गाळलेले असते की त्यात स्पंजाला खाण्यासारखे काही उरत नाही.

वनस्पतीसारखा दिसणारा स्पंज हा प्राणी आहे. त्याला ना तोंड असते ना पोट. अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत ओढून त्यातील जीवाणू व अतिसूक्ष्म कण तो टिपतो. शरीराच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी काही स्पंज एका दिवसात उपसतात. माशांच्या खाद्याचे दाणे त्यांच्या दृष्टीने निरुपयोगीच. त्यात प्रोटीन स्किमर आणि बारीक गाळण्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्य काढून घेतात. बहुतेक स्पंजांच्या सांगाड्यात सिलिकाच्या सुया असतात; आरओचे पाणी तेही देत नाही. मात्र सिलिकेट सढळ हाताने घातल्यास डायटम शैवालाचा तपकिरी थर माजतो.

सर्वांत घातक ठरते ती हवा. स्पंज पाण्याबाहेर काढला की त्याच्या नलिकांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तेथील पेशी मरू लागतात. म्हणून पिशवीतून टाकीत हलवतानाही तो पाण्याखालीच ठेवावा लागतो. माशांच्या आजारावर वापरले जाणारे तांबेयुक्त औषध या टाकीत वर्ज्य. बहुतेक जातींना मंद प्रकाश आणि वाहते पाणी मानवते. प्रखर दिव्याखाली त्यांच्यावर शैवाल चढते. एंजलफिशच्या अनेक जाती स्पंज कुरतडतात, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

स्पंजावर पांढुरके, विरविरीत डाग दिसल्यास तो भाग पाण्याखालीच कापून दूर करावा. कुजणाऱ्या स्पंजामुळे अमोनिया वाढून टाकीतील इतर जीवही दगावू शकतात.

कायद्याची बाजूही आहे. चुनखडीयुक्त सांगाड्याच्या स्पंजांना 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत स्थान मिळाले. प्रवाळांनाही संरक्षण आहे. त्यामुळे मालवण असो वा लक्षद्वीप, समुद्रातून स्पंज किंवा प्रवाळखडक उचलून आणणे हौसेपुरते राहत नाही. खडकांच्या सांदीत आपोआप वाढणारे लहान स्पंज विकतच्या लालभडक स्पंजांपेक्षा अधिक तग धरतात, कारण ते त्याच पाण्यात वाढलेले असतात.